आबांच्या हातातली माती

“उद्या आबांना गाडी चालवू देऊ नकोस गं,” माने वहिनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या. “परवा आमच्या फाटकाला घासून गेले. थांबले नाहीत की मागं वळून बघितलं नाही.”

मी ओजसची दुपटी वाळत घालत होते. “बघते हं वहिनी,” म्हटलं आणि उरलेली दुपटी घेऊन दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

माने वहिनींचं म्हणणं मी कधी पुरतं ऐकून घेत नसे. आमच्या शेवग्याची पानं त्यांच्या टाकीत पडायची, आमच्या कुकरच्या शिट्ट्यांनी त्यांची मालिका बुडायची, आमच्याकडं आलेले पाहुणे नेमके त्यांच्या रांगोळीवर पाय द्यायचे. आता फाटक. आणि घासून गेले कोण, तर आबा! माझे सासरे हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि गाडीसुद्धा पट्टी लावून रेघ मारावी तशी चालवायचे. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचे की मधे रिक्षा शिरायच्या. मग आबा आरशात बघून म्हणायचे, “जाऊ दे, त्याला घाई असंल.” माझा नवरा रणधीर गाडी चालवायला लागला की मी देवाचं नाव घ्यायचे. आबा चालवायला बसले की मला मागच्या सीटवर झोप लागायची.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि जोतिबाच्या डोंगरावर ओजसचं जावळ काढायचं होतं. ओजसला अकरावा महिना सरत आला होता. आमच्या सासरी पहिल्या वाढदिवसाच्या आत जावळ झालंच पाहिजे आणि ते डोंगरावरच. माझा भाऊ मामा म्हणून ओजसला मांडीवर घ्यायला सांगलीहून परस्पर तिकडं येणार होता. रणधीर पुण्याला शनिवारची पाळी संपवून रात्रीच्या एसटीनं पहाटे कोल्हापुरात उतरणार होता. जागरण झालेल्या माणसानं स्टेअरिंगला हात लावायचा नाही हा आबांचा नियम. मला गाडी येत नव्हती. म्हणजे डोंगराची ती सगळी वळणं आबाच चढवणार होते आणि मागं ओजसला मांडीवर घेऊन मी बसणार होते.

मला काळजी नव्हती असं नाही. काळजी होती ती न्हाव्याच्या वस्तऱ्याची. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलंय, त्यामुळं मला जे दिसत नाही त्याचीच जास्त भीती वाटते. नवीन ब्लेडची पाकिटं, कापूस, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, जंतुनाशकाची बाटली, अशी एक वेगळी पिशवी मी भरून ठेवली होती.

“त्या न्हाव्यालाच उकळून घे की एकदा,” आबा म्हणाले होते.

“आबा, चेष्टा नको. केवढं मऊ डोकं असतं बाळाचं.”

“बरं बाई. तू म्हणशील तसं.” ते लगेच नमतं घ्यायचे. माझ्याशी घरात सगळेच लगेच नमतं घ्यायचे.

दुपटी घालून मी पुढच्या अंगणात आले तेव्हा आबांनी गाडी धुऊन शेडखाली लावली होती. गाडी पांढरी, आणि आमची कॉलनी एमआयडीसीच्या कडेला. वारा फौंड्रीच्या बाजूनं आला की लोखंडाची बारीक धूळ उडून यायची, गाडीवर बसायची आणि दवानं गंजायची. पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके. धुऊन ते जायचे नाहीत. रणधीरनं त्यासाठी एक डबी मागवून दिली होती. आत साबणाच्या वडीएवढी निळसर मातीची लादी. क्ले बार. रंगावर साबणाचं पाणी फवारायचं, माती तळहाताएवढी चपटी करायची आणि हलक्या हातानं सरळ रेघांत फिरवायची. रुतून बसलेला कण न् कण ती उचलून घेते.

आबांनी तिचं नाव शाडू ठेवलं होतं. आयुष्यभर पोरांना शाडूचे गणपती करायला शिकवलेलं, त्यामुळं ती लादी हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिचा एक उंदीर केला. ओजसला दाखवला, मग दाबून चपटा केला.

“तृप्ती, ये इकडं. हात लाव,” त्यांनी मला बोलावलं. “असा नाही. ही पिशवी घाल हातात, मग लाव.”

मी किराणाच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवला. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागत होता. रवा सांडल्यासारखा.

“आता हिकडं लाव.” त्यांनी माती फिरवून झालेल्या जागेवर बोट दाखवलं.

तिथं पिशवी सर्रकन घसरली. काचेवरून जावी तशी.

“आहे की नाही? डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं,” आबा खुशीत म्हणाले. “देवाच्या दारात नातवाला घेऊन जायचं तर गाडी अशी पाहिजे.”

मी पायरीवर सतरंजी टाकून ओजसला बसवलं, उतरायच्या बाजूला पाट आडवा लावला आणि फडकं घेऊन आबांच्या मदतीला लागले. ते पुढून माती फिरवत जात होते, मी मागून पुसत जात होते. आत आई, माझ्या सासूबाई, नैवेद्याचं पुरण वाटत होत्या. मिक्सर थांबला की त्यांचा आवाज यायचा, “झालं का हो? का डोंगरावर पोचायच्या आत रंग काढणार तिचा?”

“तू पुरण बघ,” आबा ओरडायचे.

माती खाली पडली तेव्हा मला काही वाटलं नाही. साबणाचं पाणी, ओले हात. आबा वाकले आणि उचलून पुन्हा लावायला निघाले.

“आबा, नाही! खाली पडलेली टाकून द्यायची. खडा चिकटला तर ओरखडे उठतील. रणधीरनं बजावून सांगितलंय.”

“अगं, झटकतो की.”

“टाका ती.”

त्यांनी ती शेडच्या कोपऱ्यात ठेवली आणि लादीतला दुसरा तुकडा तोडला. थोड्या वेळानं तोही पडला. त्या वेळी मी वाकून उचलला. तो माझ्या हाताला चांगला चिकटून बसला होता, चघळलेल्या गोळीसारखा. मला वाटलं, माझे हात कोरडे असतील. तोही मी कोपऱ्यात टाकला.

“आबा, तुम्ही जरा बसा. मी करते.”

“बसतोय कशाला? हाताला थोड्या मुंग्या आल्यात. झोपताना हात अंगाखाली आला असंल.” त्यांनी डावा हात दोनदा झटकला. आबा डावखुरे होते. ताट सोडून सगळं डाव्या हातानं. “म्हातारपण. तुला कळायचं नाही.”

“डावी बाजू झाली का?”

“मघाशीच झाली. तू दुपटी घालत होतीस तेव्हा.”

डावी बाजू भिंतीकडं होती. मी बघायला गेले नाही. ओजस पाटाला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि माझं निम्मं लक्ष तिकडं होतं. तो धपकन बसला, मी पाहिलं, तो रडला नाही, मी पुन्हा पुसायला लागले. त्या वर्षात मी कुठलंच काम पुऱ्या लक्षानं केलं नाही. कानांनी सतत त्याचा श्वास मोजत असल्यासारखी असायचे.

आबा आता नवा तुकडा घेऊन बॉनेटच्या मधोमध आले होते. पाणी फवारायचे, हात फिरवायचे. सरळ जाणारा, सरळ येणारा हात. काहीतरी गुणगुणत होते. मी फडकं पिळायला बादलीशी गेले आणि वळून बघते तर सतरंजी रिकामी.

पाट सरकला होता. ओजस पायरी उतरून गाडीच्या पुढच्या चाकापाशी पोचला होता आणि त्याचं तोंड चालत होतं.

मी बादली लाथाडतच धावले. त्याला उचललं, बोट तोंडात घातलं. निळसर, चिकट, साबणाचं. एक तुकडा निघाला, मग आणखी एक. त्यानं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. मूठ उघडली तर तिच्यात अख्खा चपटा गोळा, त्यावर त्याचे दोन दात उमटलेले.

“आबा!” मी किंचाळलेच. “किती वेळा सांगितलं! माती खाली टाकू नका म्हणून! त्यानं खाल्ली ना!”

“मी कुठं टाकली?”

“मग ही काय?”

“ती मघाची असंल. कोपऱ्यातली.” आबांचा हात थांबला नव्हता. बॉनेटवरून सरळ जात होता, सरळ येत होता. “माझी माती माझ्या हातात आहे.”

मी त्यांच्या हाताकडं बघितलं.

“आबा, हात दाखवा.”

“अगं, ही काय—” म्हणत त्यांनी तळवा वर केला.

तळव्यात काही नव्हतं. साबणाचा फेस होता आणि बोटांवर नारिंगी गंजाच्या रेघा. आबांनी तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खाली जमिनीकडं बघितलं, मग ओजसच्या मुठीकडं. ते किती वेळ मोकळाच हात घासत होते कुणास ठाऊक.

ओजस रडत होता. मिक्सर चालू होता. आबा मला म्हणाले, “आईला सांगू नकोस.”

मी ओजसला कडेवर घेऊनच गाडीला वळसा घातला. डावी बाजू. खालचा अर्धा दरवाजा धुतलेलासुद्धा नव्हता. मागच्या दरवाजापासून पुढच्या आरशापर्यंत माने वहिनींच्या फाटकाचा हिरवा रंग लांबच लांब ओढला गेला होता आणि आरशाचं कव्हर फुटून लोंबत होतं.

“आबा, हे कधी झालं?”

ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्या हिरव्या पट्ट्याकडं बघत राहिले. पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

“ही पिशवी घाला,” मी म्हटलं. “डाव्या हातात. आता इथं लावा. कसं लागतंय?”

“गुळगुळीत.”

“आता उजव्या हातात घाला.”

उजवा हात पत्र्याला लागला आणि त्यांनी तो चटकन मागं घेतला. मी विचारलंही नाही.

आई पुरणानं भरलेले हात वर धरून दारात आल्या. “पोराला का रडवताय?”

“आबांचा हात बधिर झालाय. दवाखान्यात जायला पाहिजे,” मी म्हटलं.

“मुंग्या आल्यात गं नुसत्या,” आबा म्हणाले.

“मग तेल लावते की गरम करून.” आई खालची पायरी उतरल्या. “आणि आत्ता कुठला दवाखाना? उद्या सकाळी निघायचंय. कटाचं वाटण व्हायचंय. सोमवारी दाखवा.”

“उद्या आबा गाडी चालवणार नाहीत, आई.”

हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की ओजससुद्धा रडायचा थांबला.

“मग कोण चालवणार?” आबांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मी रणधीरला फोन लावला. कंपनीत मशिनांचा आवाज. तो म्हणाला, “बरं, उद्या मी चालवतो. थोडी झोप काढतो एसटीत. सोमवारी आबांना दाखवून टाकू. आईला नाराज करू नको, वर्षभर बोलत बसेल. आणि तृप्ती, तू जरा शांत हो. दर वेळेला तुझं असं असतं.”

मी फोन ठेवला. दर वेळेला माझं असं असायचं हे खरं होतं. ओजसला शिंक आली तरी मी डॉक्टरांना फोन करायचे. त्या महिन्यातच दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा ते हसले होते. शिवाय आता गाडी रणधीर चालवणार होता. ओजसपुरतं बघितलं तर प्रश्न मिटला होता. मी त्याचं तोंड धुतलं, जीभ बघितली, त्याला पाणी पाजलं. तो ठीक होता. आई आत गेल्या. मिक्सर पुन्हा सुरू झाला.

आबा नळावर हात धुऊन घरात निघाले होते. पायरी चढले, सतरंजीवरून गेले, दारापर्यंत पोचले. त्यांच्या उजव्या पायात चप्पल होती. डावी नळापाशीच राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. ओल्या पायाचं एक पाऊल आणि चपलेचं एक, असे ते आत गेले, आणि आत जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला थडकला. त्यांनी चौकटीकडं वळूनही बघितलं नाही.

मी ओजसला कडेवर घेतलं आणि माने वहिनींचं फाटक ढकललं. त्यावरही पांढरा पट्टा ओढलेला होता.

“वहिनी, गाडी काढा. आबांना दवाखान्यात न्यायचंय. आत्ता.”

माने वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं, मेथीचं ताट खाटेवर सरकवलं आणि किल्ली घेतली.

आबांना गाडीत बसवायला मात्र वेळ लागला. “कशासाठी? आं? कशासाठी?” असं ते दारात उभं राहून विचारत होते. आई मधे आल्या. “अहो, उद्याचं एवढं ठरलंय. देवाचं ठरलेलं मोडायचं नसतं गं तृप्ती. तुझा भाऊ येणार, पाहुणे येणार. ह्यांना काही झालेलं नाही. मी बघते ना रोज ह्यांना.”

“आई, आबांना त्यांचा हात कळत नाहीये.”

“तुला सगळ्याचीच भीती वाटते.”

“वाटते. आज मला जाऊ द्या.”

आईंनी आबांकडं बघितलं. आबांनी शर्टाचं बटण लावायला घेतलं होतं आणि डावा हात बटणाच्या आसपास नुसताच फिरत होता. आईंनी पदराला हात पुसले, पुढं झाल्या आणि त्यांची सगळी बटणं एकेक करून लावली. मग गॅस बंद करायला आत गेल्या आणि पर्स घेऊन बाहेर आल्या.

माने वहिनी गाडी चालवतात हे मला माहीत होतं, कशी चालवतात ते माहीत नव्हतं. पुलावरच्या गर्दीतून त्यांनी ती अशी काढली की आबा पुढच्या सीटवर दोन्ही पाय ब्रेकवर दाबल्यासारखे बसले होते.

“वहिनी, अंतर ठेवा जरा,” आबा म्हणाले.

“तुम्ही फाटकापासून किती ठेवलंत?” वहिनी म्हणाल्या. “मी हिला सांगत होते. सकाळीच सांगितलं होतं.” पुढच्या सिग्नलला पुन्हा, “मी सांगितलं होतं हो.” मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटत होतं आणि त्यांनी आणखी जोरात चालवावी असंही वाटत होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती, माझ्याच वयाची. तिनं स्वतःची दोन-दोन बोटं आबांच्या दोन्ही हातांत दिली. “काका, दाबा. दोन्ही हातांनी एकदम. जोरात.” “डावा ढिला पडतोय,” ती म्हणाली. “आता डोळे मिटून दोन्ही हात समोर धरा.” आबांनी धरले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला, आणि आबांचे डोळे मिटलेले, चेहरा शांत, दोन्ही हात सरळ असल्याच्या खात्रीचा.

आईंनी माझा दंड घट्ट पकडला.

“डोक्याला काही लागलं होतं का? एवढ्यात, महिना-दोन महिन्यांत?”

“नाही,” आबा म्हणाले.

“रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?”

“आहे,” आई म्हणाल्या. “हृदयाची. पाच-सहा वर्षं झाली.”

“नक्की काही लागलं नव्हतं?”

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग ओजसकडं. “माळ्यावरनं ह्याचा पांगुळगाडा काढताना,” ते म्हणाले. “खाली उतरताना तुळईला लागलं. टेंगूळ आलं होतं थोडं. बसलं दोन दिवसांत.”

“कधी?”

“संक्रांत झाल्यावर.”

आता गुढीपाडवा आठवड्यावर आला होता.

“अहो, मला नाही सांगितलंत!” आई म्हणाल्या.

“तुला सांगितलं असतं तर हिला कळलं असतं.” आबा आईंशी बोलत होते, पण हिला म्हणजे मला. “हिला कळलं असतं तर ही चार रात्री झोपली नसती. आधीच पोरीला झोप नाही. एवढ्याशा टेंगळासाठी कशाला?”

डॉक्टरनं स्कॅन काढायला लावला. मग एक मोठे डॉक्टर आले. त्यांनी फिल्म उजेडात धरून आम्हाला दाखवली. कवटी आणि मेंदू यांच्या मधे, उजव्या बाजूला, एक काळपट चंद्रकोर. थेंब-थेंब करत साठलेलं जुनं रक्त. मेंदू त्यानं एका बाजूला सरकला होता. “आजच काढायला हवं,” ते म्हणाले. “कवटीला दोन छोटी भोकं पाडून काढतात. बहुतेक जण चांगले होतात यातून. पण थांबलो तर फीट येऊ शकते, शुद्ध जाऊ शकते. कुठंही. बसल्या जागी.”

माने वहिनींनी माझ्या कडेवरून ओजसला घेतलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं.

मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. रणधीरला सांगितलं, आत्ताच निघ. तो म्हणाला, “तू... बरं. निघतो.” आईंनी जोतिबाच्या दिशेनं तोंड करून हात जोडले. दिशा कुठली ते त्यांनी वॉर्डबॉयला विचारून घेतलं होतं.

ऑपरेशनच्या आधी न्हावी आला. दवाखान्याचाच. आबांच्या पांढऱ्या, दाट केसांवरून त्यानं मशीन फिरवलं. मी दारात उभी होते. केस चादरीवर पडत होते.

“ब्लेड नवीन आहे का विचार त्याला,” आबा मला म्हणाले.

मला हसू आलं नाही.

“अगं, विचार की. घरातलं पहिलं जावळ निघतंय. मामा कुठाय माझा?”

आई पुढं झाल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, न्हाव्याला मागची बाजू करता यावी म्हणून. मशीन चालू होतं तोवर दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

संध्याकाळी आबांना बाहेर आणलं. डोक्याला पट्टी, एक बारीक नळी. रणधीर पोचला तेव्हा ते जागे होत होते. नर्सनं त्यांच्या डाव्या तळव्यात बोट ठेवलं आणि म्हणाली, “आजोबा, दाबा बघू.” आबांची बोटं आधी तशीच पडून राहिली. मग हळूच मिटली. नर्सनं बोट ओढून बघितलं. निघालं नाही.

“सोडा आता,” ती हसत म्हणाली.

आबांनी सोडलं नाही.

याला बरीच वर्षं झाली. ओजसचं जावळ वाढदिवसानंतर निघालं आणि आकाश काही कोसळलं नाही. आबा चांगले झाले. गाडी मात्र त्यांनी स्वतःहून सोडली. मग मीच शिकले, माने वहिनींकडून. आबांचा डावा हात पूर्ववत चालतो. गणपतीच्या आधी कॉलनीतली पोरं शाडू घेऊन येतात तेव्हा आबांना कोण आवरतं?

एक गोष्ट बदलली. त्या टेंगळाबद्दल आबा जे म्हणाले ते माझ्या मनातून गेलं नाही. त्यानंतर मी घरातल्यांना हळूहळू विचारायला लागले, आणि विचारताना आवाज चढवायचा नाही, असं ठरवलं. तेव्हा कळलं की आईंना जिन्यावर दोनदा चक्कर आली होती. रणधीर पुण्यात एकदा दुचाकीवरून पडला होता. सगळे मजेत माझ्यासमोर बसून जेवत होते आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मला त्रास नको म्हणून.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. वडील, काका, वरच्या मजल्यावरच्या आजी, गावाकडं एकटा राहणारा कुणी. फोनवर विचारलं की ‘मला काय झालंय’ म्हणणारं माणूस. आज त्यांच्याकडं जा. लांब असतील तर जवळच्या कुणालातरी पाठवा. डोक्याला कधी लागलं होतं का, हे सहज, गप्पांच्या ओघात विचारा. ते नाही म्हणतील. मग स्वतःची बोटं त्यांच्या दोन्ही हातांत द्या आणि म्हणा, दाबा बघू. दोन्ही हातांनी, एकदम.